अनारक्षित डबा

आमची आरक्षित गाडी सहा मिनिटांपूर्वी क्योतोहून सुटली होती. "दोन-चार मिनिटं इकडे-तिकडे चालतात," म्हणत नवऱ्याने हॉटेलात दुसरा चहा घेतला होता. जपानमध्ये चालत नाहीत.

तिकीट खिडकीपाशी तो मोबाइलमध्ये मराठीत बोलला, "हिची आई आज सकाळी वारली, म्हणून उशीर झाला." मोबाइलने ते जपानीत ऐकवलं. खिडकीतल्या बाई उठल्या आणि माझ्यासमोर कमरेत वाकल्या. काही न सुचून मीही वाकले. त्याच्या खोट्यात सामील झाले.

बाईंचं उत्तर मोबाइलने मराठीत सांगितलं, "याच तिकिटावर आजच्या पुढच्या कुठल्याही गाडीत, अनारक्षित डब्यात बसता येईल. हा नियम सगळ्यांसाठी आहे."

"म्हणजे खरं सांगूनही चाललं असतं," बाजूला आल्यावर मी म्हटलं.

"आपल्याला काय माहीत? आणि नुसतं बोलल्याने कोणी मरत नाही गं."

फलाटावर आईचा व्हिडिओ कॉल आला. मी तोंड उघडायच्या आत तो माझ्या खांद्यावरून डोकावला. "आई, शंभर वर्षं आयुष्य आहे तुम्हाला! आत्ताच तुमचं नाव काढलं."

"जावई माझे गुणाचे!" आई मनापासून हसली.

"नंतर बोलते," म्हणून मी फोन ठेवला.

गाडी आली. त्याने आत शिरून दोन जागा धरल्या आणि मला हाताने बोलावलं. मी चढले नाही. माझी आई जिवंत आहे, हे त्या बाईंना सांगायला मी जिन्याकडे वळले.