पंख्याची घरघर

कॉम्प्युटर गेममध्ये हरला की शैलेंद्र बायकोला, प्रीताला, पट्ट्याने फोडून काढायचा. त्याच्या ग्राफिक्स कार्डचा पंखा तेव्हा जात्यासारखा घरघरत असायचा, अन् तिच्या किंकाळ्या त्यात पीठ होऊन जायच्या. अमेरिकेत, शॉमबर्गमधल्या त्या अपार्टमेंटची भिंत पुठ्ठ्याएवढी, तरी पलीकडच्या जागृती मावशी हसून म्हणायच्या, "तुमच्या त्या कॉम्प्युटरपुढे दुसरं काही ऐकूच येत नाही गं!"

त्याच्या वाढदिवसाला प्रीताने बिनआवाजाचा मोठा कूलर आणला, अन् जुना पंखा काढून स्वतःच्या सुजल्या हातांनी कार्डावर बसवला.

"वा! आता श्वाससुद्धा ऐकू येतो यार," तो खूश झाला.

संध्याकाळी तो पुन्हा हरला.


पट्टा एकदाच कडाडला, आणि भिंतीपलीकडून मावशी गरजल्या, "सोड तिला! पोलिसांना नाइन-वन-वन लावलाय!"