पाच, पाच, शून्य

खट्कन आवाज झाला आणि शांत खोलीत दिराच्या जुन्या पॉवर सप्लायचा पंखा गरगरू लागला. “बघा वहिनी, ठणठणीत आहे! नवा कशाला?” तो फुशारला. लेकीच्या जन्मानंतर सहा वर्षांनी ती घरबसल्या नकाशे काढायचं काम पुन्हा सुरू करणार होती. त्यासाठी एकेक भाग जमवून तिने स्वतः कॉम्प्युटर जोडला होता; वीज पुरवणारा हा भागच तेवढा बाकी होता. “भावजी, रिकाम्या हातांनी कुणीही नाचेल. ओझं देऊन पाहू.” तिने जुन्या सप्लायला गाडीच्या हेडलाइटचा बल्ब जोडला. बल्ब लागला, मिणमिणला, विझला; पंखाही थांबला. “ऐन कामात गेला, तर माझा मदरबोर्डही सोबत नेईल,” म्हणत तिने नव्याचं खोकं उघडलं. लेक त्यावरच्या आकड्यांवर वाकली. “पाच, पाच, शून्य म्हणजे काय?” “साडेपाचशे वॅट. त्याला एवढंच ओझं पेलतं. जास्त टाकायचं नाही.” लेकीने आईचे हात उलटसुलट करून पाहिले. “आई, तुझ्यावर कुठे लिहिलंय?”