बंडलशेट निवडून आले

"ज्याला बंडलशेट पाहिजे, त्यानं हात वर करा," असं धनसिंग नाना म्हणाले मात्र, शाळेच्या मैदानात हातच हात झाले. बायांचे, बाप्यांचे, म्हाताऱ्यांचे. काही बहाद्दरांनी तर दोन्ही वर केले. नानांची पंचाईत झाली. त्यांना हे हात सज्जन उमेदवारासाठी हवे होते ना!

गोष्ट अशी, की पंचायतीच्या निवडणुका तोंडावर होत्या आणि सरकारनं लोकशाहीवर नवा वग बसवणाऱ्या तमाशाच्या पार्ट्यांना काम द्यायचं काढलं होतं. पहिला खेळ असोद्याच्या पुढच्या या गावात. तो बघायला जळगावहून नेरकर साहेब आलेले. त्यांना पसंत पडला तर जिल्ह्यातल्या गावोगावी खेळ. नाही पडला तर राम राम. गावागावात व्हिडिओ आल्यापासून नानांची धुळ्याकडची पार्टी घरी बसून होती. ढोलकीवाला आता कापसाच्या जिनिंगमध्ये जातो म्हणत होता. हे काम हुकलं की पार्टी मोडलीच.

वगात उमेदवार दोन. सज्जन झाला होता तोताराम, आणि लबाड बंडलशेट झाला होता पार्टीचा सोंगाड्या भिकन. शेवटी लोकांना विचारायचं, लोक सज्जनाला निवडणार, मग भारतमाता की जय आणि चहा. आता पार्टीनं माती कुठे खाल्ली, तर सगळं हसू बंडलशेटला दिलं आणि सगळं भाषण तोतारामला. तोताराम बिचारा मताचं महत्त्व सांगून घामाघूम, आणि इकडे भिकन केळीचे घड विमानात खिडकीपाशी बसवून दिल्लीला धाडतोय! माणसं हसून हसून लोळली. लोळणारी माणसं दुसऱ्या कोणाला मत देतील?

साहेब खुर्ची सोडून तरातरा पडद्यामागे आले आणि नानांना आत बोलावलं.

"नाना, अहो, लबाड निवडून आला! मी वर काय कळवू?"

"चुकलं, साहेब."

"मग निकाल फिरवा. हात नीट दिसले नाहीत म्हणा आणि तोतारामला निवडून आणा. कोण विचारतंय?"

सोपं होतं. एक वाक्य बोललं की काम हातात. ढोलकीवाला नानांच्या तोंडाकडे बघत होता. नानांनी उपरण्यानं मान पुसली.

"साहेब, लोक वन्स मोअर म्हणले तर घसा बसलेला असला तरी आम्ही पुन्हा गातो. समोरच्या माणसाचा शब्द मोडायची आम्हाला सवयच नाही. हात वर करा म्हणून मीच विचारलं. आता त्यांच्या तोंडावर खोटं कसं बोलू?"

"मग कामाचं मी काही सांगू शकत नाही," साहेब म्हणाले.

नाना पुढे गेले. बोलले खणखणीत. "बंडलशेट निवडून आले!"

शिट्ट्या, आरोळ्या, टोप्या हवेत. भिकन मात्र जागच्या जागी गार. बंडलशेट इथे पडणार होता. त्याच्या पुढचं त्याला एक अक्षर येत नव्हतं.

"नाना," तो कुजबुजला, "माले पुढलं काहीच पाठ नही शे! आते काय करू?"

नानांनी काही सांगायच्या आत पुढच्या रांगेतली झुंबरबाई पदर खोचून उभी राहिली.

"शेट, निवडून देलं तुले. आता बायांच्या संडासाले दार कव्हा बसवशीन?"

बाप्ये एकदम जमिनीकडे बघू लागले. मागून बेबाबाईचा आवाज आला, "एक आत गेली का दुसरीले लुगडं धरून उभं रहा लागतं!"

"दार काय मांगतीस, बाई?" भिकननं कसंबसं हसून उत्तर दिलं. "मी तुले विमान देस ना!"

"त्याच्यासाठी विमानात जाऊ का आम्ही?"

आता बाया जे हसायला लागल्या, की थांबेनात. एकीमागून एक उभ्या राहून विचारू लागल्या. भिकनच्या तोंडावरचा रंग घामानं गळ्यापर्यंत उतरला.

"मी राजीनामा देस!" तो ओरडला.

"कसा देशीन? हात वर केले आम्ही! उभा रहाय तठीच!"

झुंबरबाई बोलत होती भिकनशी, पण बघत होती साहेबांच्या रिकाम्या खुर्चीशेजारी. तिथे गावचे खरे सरपंच आबा बसले होते. हळूहळू सगळ्या बाया तिकडेच बघायला लागल्या, मग बाप्येही. सरपंचांनी टोपी काढली, परत घातली. शेवटी बिचारे उठले.

"बसवतो बुवा, दार बसवतो! दिवाळीच्या आत!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. ढोलकीवाल्यानं कोणी न सांगता थाप मारली. नाना पडद्याआड परतले तेव्हा नेरकर साहेब हसून हसून खोकत होते.

"नाना, हे वगात कुठे होतं?"

"नव्हतं, साहेब."

"आता ठेवा. जिल्ह्यातली सगळी गावं तुमची. पण नाना, तिकडेही हा बंडलशेटच निवडून आला तर?"

"येईल ना. तिथंही बाया असतीलच की, साहेब."

नानांना इतका आनंद झाला होता, की त्यांनी भर रंगमंचावर जाऊन घामेजलेल्या भिकनला मिठीच मारली. सरपंच सुटलो म्हणून खाली बसले. बाकीचे लोक चहाकडे निघाले.

झुंबरबाई अजून उभीच होती.

"आबा," ती म्हणाली, "कोनती दिवाळी, ते बी सांगून टाका."