पोकळ फरश्या

फरशीवाल्याचा गुडघा पुन्हा वाकला नाही, तर त्यात फायदा त्याच्या हाताखाली काम करणाऱ्या एकट्या मेहुण्याचा होता. ज्याला उकिडवं बसता येत नाही, त्याला फरशीच्या कामावर कोण ठेवणार? मुख्य कारागिराची जागा आयती पदरात पडणार होती. म्हणून लिगामेंटच्या ऑपरेशननंतर सहा महिने तो रोज ताईला फोन करायचा आणि दाजी अजून लंगडतात असं कळलं की मायेने सांगायचा, "घाई नको हं करायला."

शेवटी दाजी काठी टेकत कामावर आले. मेहुण्याने लावलेला हॉल ताब्यात घ्यायला कंत्राटदार उभाच होता. दाजींनी काठीने एकेक फरशी ठोकायला सुरुवात केली. चौथीला थांबले.

"ही पोकळ वाजतेय. खाली सिमेंटचा माल कमी पडलाय."

"काठीने काय कळतंय, दाजी?" मेहुणा कंत्राटदाराकडे बघून हसला. "खाली बसून बोटाने वाजवा की. जमेल ना?"

दाजींनी काठी त्याच्याच हातात दिली आणि भिंतीला हातही न लावता अलगद उकिडवे बसले.

"व्यायामाच्या बाई महिनाभर रोज बसवतायत. तुझ्या ताईलाच म्हटलं, तुला एवढ्यात सांगू नकोस."

बसल्या बसल्या सरकत त्यांनी अख्खा हॉल वाजवला. अकरा फरश्या पोकळ निघाल्या. "उद्यापासून तुम्हीच बघा," कंत्राटदार दाजींना म्हणाला. मेहुणा छिन्नी घेऊन संध्याकाळपर्यंत उकिडवा बसून त्या अकरा उखडत होता. जिना उतरताना कुरकुरले ते त्याचेच गुडघे, दोन्ही.