पाठवणीची धून

"आता मास्तरांची क्लॅरिनेट येईल बघा, ताई." अमृतनं फोनचा आवाज वाढवला.

अयोध्याला ती ऐकायची नव्हती. वडिलांचं सामान न्यायला ती भूमच्या बँडच्या दुकानात आली होती. वडिलांना, म्हणजे श्रीमंत मास्तरांना, जाऊन दोन महिने झाले होते. खुंटीवर त्यांचा झालरीचा लाल कोट तसाच होता. बँड आता त्यांचा शागीर्द अमृत चालवत होता.

फोनमध्ये हंगेरीतल्या कुठल्या खेड्यातली बाई उंच, सरळ आवाजात गात होती. मागं ड्रम भलत्याच ठिकाणी पडत होते. सॅक्सोफोन मनाला येईल तिकडं निघाला होता. मध्येच गिटार करवतीसारखी सगळ्यांना कापत गेली. हे सारं रेकॉर्डिंग गाबोर नावाच्या तिकडच्याच संगीतकारानं जुळवलेलं. तुळजापूरच्या नवरात्रात त्यानं मास्तरांना ऐकलं आणि तेव्हापासून दर हिवाळ्यात तो भूमला येत राहिला. ना त्याला मराठी, ना मास्तरांना इंग्रजी. तरी दोघं तासन् तास समोरासमोर बसत. मास्तर त्याचं बोट धरून क्लॅरिनेटवर ठेवून दाखवत. अयोध्या लहानपणी त्या क्लॅरिनेटच्या पेटीजवळ गेली तरी ओरडा खायची. लग्नानंतर माहेरी आली की "बरं हाय का?" एवढं विचारून ते पेपर उघडत. ते गेल्यावर हा सल कमी होईल असं तिला वाटलं होतं. झाला नाही.

क्लॅरिनेट आली. पहिल्याच सुरांत तिनं धून ओळखली. लेक सासरी निघाली, गाडीत बसली, की मास्तर ही धून वाजवत. तालुक्यातल्या किती मुली तिच्यावर रडत गेल्या. अयोध्याच्या लग्नात मात्र बँड वाजला आणि पाठवणीच्या वेळी मास्तर गायब झाले.

"माझ्या वेळी फुंकायला सवड नव्हती," ती म्हणाली. "ह्या गोऱ्याला बरी वाजवून दिली."

"त्यानंच मागितली. माझ्या मोडक्या इंग्रजीत मीच मधी सांगत हुतो. ही बाई म्हणतीया ते त्यांच्याकडचं पाठवणीचंच गाणं हाय. म्हणला, तुमच्या लेकीला जे वाजवलं ते वाजवा."

"मग?"

"मास्तरांनी पेटीतनं क्लॅरिनेट काढली. मग म्हणले, तवा वाजवलं न्हाय, आता वाजवतो."

धून वर चढली आणि क्लॅरिनेट चिरकली. अयोध्यानं चमकून पाहिलं. मास्तरांचा सूर कधी फाटला नव्हता.

"रेकॉर्डिंग करताना दर टायमाला हितंच फाटायचा," अमृत म्हणाला. "ओठ थरथरला की तोंडातल्या पातीवर, रीडवर, पकड ऱ्हात न्हाय, ताई. रडत रडत फुंकता येत न्हाय. तुमच्या लग्नात मी मंडपामागं त्यांच्यापाशीच हुतो. तुमची गाडी नजरंआड हुईस्तोवर क्लॅरिनेट तोंडाला लावून हुबे हुते. आवाजच निघंना. कुणाला बोललास तर बँडातनं काढीन म्हणले."

अयोध्यानं फोन हातात घेतला आणि धून मागं नेऊन पुन्हा लावली.

"म्या गाबोरला म्हणलं, येवढं चिरकलेलं काढून टाक. तर म्हणला, ते ऱ्हाऊ दे, भवतालचं काढतो."

तेव्हा तिला ती शांतता ऐकू आली. गिटार नव्हती, ड्रम नव्हते, ती गाणारी बाईही गप्प होती. सगळे जण तिच्या बापाचं रडू आवरायची वाट पाहत थांबले होते.