बिनसांध्याचा पट्टा

मासळीच्या कारखान्यातला नवा पट्टा सुरू झाला आणि सगळ्या बाया एकदम गप्प झाल्या. आवाजच नाही! जुना पट्टा सांध्यासांध्यातून बेताल टाळांसारखा खडखडायचा. हा निळा, गुळगुळीत. मासे अंगावर घेऊन पाण्यासारखा सरकत होता.

"एकही सांधा नाही," मुकादम कौतुकाने म्हणाला. "घाण अडकायला जागाच नाही. पाणी मारलं की आरसा."

"म्हणजे आता पोटातल्या कावळ्यांनीसुद्धा हळू ओरडायचं का हो?" खवलं काढणारी एकजण म्हणाली, तशा सगळ्या फिदीफिदी हसल्या. सासूबाईही हसल्या. सकाळपासूनच त्या खुशीत होत्या. पट्ट्याच्या पलीकडे, अगदी समोर, त्यांची सून मासे साफ करत उभी होती, आणि आज मुकादम तिला कायम करणार होता. त्यासाठी सासूबाईंनी त्याच्या नाकी नऊ आणले होते.

कामावर आल्यापासून सुनेचे ओठ सारखे हलत असायचे. खडखडाटात शब्द कळत नसत. "नाम घेते माझी सून," सासूबाई ज्याला त्याला सांगायच्या. "हाताला काम, तोंडात देव. नशीब लागतं अशी पोर मिळायला."

हसणं ओसरलं, आणि आज पहिल्यांदाच त्यांना ते नाम ऐकू आलं.

सून मासा उचलायची, पोट चिरायची, म्हणायची, "नको." दुसरा उचलायची. "नको." मान खाली, चेहऱ्यावर काही नाही. "नको... नको... नको..."

सासूबाईंची सुरी माशाच्या पोटातच थबकली. देवा, इतके दिवस हे तू एकटाच ऐकत होतास?

"काय मावशी, करू ना सुनेला कायम?" मुकादम शेजारी येऊन उभा राहिला होता. "एकदा चिकटली की म्हातारी होईपर्यंत बघायला नको."

"मला काय विचारता?" सासूबाईंनी हनुवटीने समोर खूण केली. "तिला विचारा की."

"बरं, तूच सांग गं."

सुनेने मान वर केली. सासूबाईंनी नुसत्या डोळ्यांनी विनवलं: बोल बाई, आत्ता म्हणत होतीस तेच बोल.

"आई म्हणतील तसं," सून म्हणाली.

मुकादम पुन्हा सासूबाईंकडे वळला.

दोघींचे हात थांबले होते. पट्टा थांबला नव्हता. न चिरलेले मासे दोघींच्या मधून, उघड्या डोळ्यांनी, पुढे चालले होते.