मिठाचा अंदाज

मिरजेच्या त्या इस्पितळात पोटाच्या वॉर्डातल्या सगळ्यात तरुण नर्सनं नुकतीच सत्तरी ओलांडली होती. रुग्ण सगळे नव्वदीच्या पुढचे. आतडी थकल्यामुळे त्यांना दंडावर चिकटवलेल्या पट्टीतूनच अन्न मिळायचं. स्वयंपाकघराला कित्येक वर्षं कुलूप होतं.

अनुसयाबाईंना प्रयोगशाळेत वाढवलेलं नवं आतडं बसवलं. ते रुजल्यावर डॉक्टर नफिसा मुल्लांनी विचारलं, "मावशी, पहिल्यांदा काय खाणार?"

"आंबील," अनुसयाबाई म्हणाल्या.

नर्सला आंबील येत नव्हती. शेजारच्या खाटेवरून शेवंताबाई म्हणाल्या, "मी करते की." त्यांचं हृदय कमजोर होतं, नव्या आतड्याचं ऑपरेशन त्यांना कधीच झेपणार नव्हतं.

स्वयंपाकघराचं कुलूप काढलं. व्हीलचेअरवर बसूनच त्यांनी ताकात ज्वारीचं पीठ कालवलं, जिरं-लसूण ठेचून घातलं आणि शिजत ठेवलं. वास वॉर्डभर पसरला तशी माणसं उठून बसली. कुणाला आई आठवली, कुणाला बांधावरची न्याहारी. तोंडानं काहीच घ्यायचं नसल्यामुळे शेवंताबाईंना चव बघता येत नव्हती. मीठ त्यांनी अंदाजानंच घातलं.

पहिल्या घोटालाच अनुसयाबाईंचे डोळे भरून आले.

"कशी झालीय?" शेवंताबाईंनी विचारलं.

'छान' अगदी ओठांवर आलं होतं. पण अनुसयाबाईंनी आणखी एक घोट घेतला. "मीठ कमी पडलंय गं, शेवंता."

नर्सनं डोळे वटारले. शेवंताबाई मात्र खुदकन हसल्या. घर भरलेलं असताना त्यांच्या स्वयंपाकाला रोज कुणी ना कुणी नावं ठेवायचं.

"आमचे हे पण अस्संच म्हणायचे," असं म्हणत त्यांनी चिमटीत मीठ घेतलं.